मुलाचं मन दुखतं तेव्हा



साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, हे बाबासाहेबांनी कित्येक वर्षांनी लिहून ठेवलं. लहानपणचा घाव असा मनात राहतो.

भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवरची आपली काही मुलं शिक्षणासाठी वसतिगृहात राहतात. मूल अबोल झालं, जेवेना, शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही, तर ‘नाटक करतो’ म्हणून मारू नका. देवऋषी-अंगारा तर नकोच. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण!

जवळ घेऊन विचारा. वर्गशिक्षकांना भेटा. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ फोनसेवा आहे. १४४१६ लावा, रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं. तापाला औषध घेतो, मग मनासाठी सल्ला घ्यायला लाज कसली?