एकतीस तारखेचे चोवीस तास

‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशा तारखा निवडून पतसंस्थेचा कारकून पावत्यांची यादी मागतो, तेव्हा त्याला ३१ तारीख पुरती हवी असते. मार्चअखेरची वसुली त्याच दिवशी चाललेली असते. आणि नेमका तोच दिवस अहवालातून गळतो, कारण त्या दोन तारखा कुणीतरी जशाच्या तशा एसक्यूएल क्वेरीतल्या ‘बिटवीन’ या अटीत घातलेल्या असतात.

बिटवीनचे समर्थक सांगतात की ते दोन्ही टोके धरते. धरते, हे खरेच. रकान्यात नुसती तारीख असेल तर माझी काही तक्रार नाही. पण तारखेसोबत वेळही साठवली असेल, तर ‘३१ मार्च’ म्हणजे डेटाबेसच्या लेखी ३१ मार्चचे ००:००. त्या क्षणानंतरच्या सगळ्या पावत्या बाहेर राहतात. एरर येत नाही, अहवाल छापला जातो, बेरीजही दिसते. चुकीची बेरीज बिनतक्रार दिसावी, हे मला बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा घातक वाटते.

मग शेवटी २३:५९:५९ जोडा, असा सल्ला मिळतो. पोस्टग्रेस सेकंदाचा दहा लाखावा भाग साठवते. शेवटच्या सेकंदाच्या मध्यावर आलेली नोंद निसटलीच. पुढे .९९९ लावावे, तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ प्रकार ती वेळ १ एप्रिलच्या ००:०० वर नेतो. म्हणून तिथे .९९७ लिहिण्याचा प्रघात पडला. रकान्याचा प्रकार बदलताच जी क्वेरी खोटी ठरते, तिला बरोबर कसे म्हणावे?

रकान्यावरच ‘डेट’ फंक्शन लावणाऱ्यांचे उत्तर बरोबर येते. पण बहुतेक ठिकाणी त्या रकान्याचा साधा इंडेक्स निकामी होतो आणि महिन्याभराच्या पावत्यांसाठी सगळे टेबल चाळले जाते.

माझा आग्रह सरळ आहे: १ मार्च ००:०० किंवा त्यानंतरचे, आणि १ एप्रिल ००:०० च्या आधीचे. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. लागोपाठचे दोन महिने असे बिनफटीचे जुळतात, एकही पावती दोन्हींकडे जात नाही. पूर्णांकांच्या मर्यादांसाठी एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये याच रीतीची बाजू मांडली होती. पोस्टग्रेसचा ‘डेटरेंज’ प्रकारही आपल्या मर्यादा याच रूपात आणतो.

वापरणाऱ्याला १ एप्रिल पाहून गोंधळ होईल, हा आक्षेप टिकत नाही. पडद्यावर ३१ च राहू द्या. पुढचा दिवस सर्व्हरवर काढा.

तो काढताना मात्र मध्यरात्र कुणाची, हे ठरवावेच लागते. नोंदी यूटीसीत असतील, तर आपली ३१ मार्च ही ३० मार्चच्या १८:३० ला सुरू होऊन ३१ मार्चच्या १८:३० ला संपते. हे विसरून यूटीसीची मध्यरात्र धरली, तर १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंतचे ऑनलाइन भरणे मागच्या आर्थिक वर्षात जमा दिसतात. म्हणून पुढची तारीख ‘एशिया/कोलकाता’च्या पंचांगाने काढावी आणि मग यूटीसीत न्यावी. सुरुवातीत चोवीस तास मिळवून भागत नाही. भारतात घड्याळ हलत नाही म्हणून ही चूक झाकली जाते. न्यू जर्सीतल्या सभासदांसाठी तेच ॲप्लिकेशन चालवले की ती उघडी पडते. तिथे ९ मार्च २०२५ हा दिवस तेवीस तासांचाच होता. चोवीस तास मिळवणारी क्वेरी १० मार्चच्या रात्री एकपर्यंत जाते, आणि त्या एका तासाची वर्गणी दोन्ही दिवसांच्या अहवालांत मोजली जाते.