ड्रायव्हरला फोन कोण करतो?



मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून ते परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे पाठवले. चालक बडतर्फ झाला. ज्या खासगी कंपनीची ती गाडी, तिला पाच हजार रुपये दंड झाला. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि विषय मिटला.

त्या चालकाची बाजू आम्ही घेणार नाही. गाडीभर माणसांचा जीव हातात घेऊन घाटरस्त्याला सामना पाहणाऱ्याला माफी नाही. पण आमच्या शेतमालाच्या गाड्यांवर काय चालते ते आधी पाहू. तेथे सामना नसतो. तेथे फोन वाजतो, आणि तो करणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

माळशेज उतरून मोरोशी, टोकावडे, सरळगाव, मुरबाड, रायते, म्हारळ असा भाजीचा टेम्पो रात्रभर कल्याणच्या बाजाराकडे धावतो. उशीर झाला की भाव पडला, हे प्रत्येकाला ठाऊक. म्हणून आडत्या विचारतो, 'कुठवर आलास?' गाडीमालक विचारतो, 'अजून घाटातच?' शेतकरी विचारतो, 'भाव काय निघाला?' ड्रायव्हरने फोन उचलला नाही तर पुढची खेप दुसऱ्याला. मग तो उचलतो.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. नाव कोणाचे आले हे पाहायला तीन सेकंद लागतातच. तेवढ्या अंतरात बिनदिव्याची ट्रॉली, सायकलवाला, रस्ता ओलांडणारी म्हातारी, काहीही येऊ शकते. बैलगाडीवर गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घर गाठत. टेम्पोला ती अक्कल नाही.

कोणी म्हणेल, कानात बोंडूक घातले की हात मोकळे, मग काय बिघडले? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील टोरांटो येथे अपघात झालेल्या ६९९ मोटारचालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे त्यातून निघाले, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे दिसले नाही. कारण उघड आहे. हात चाकावर असतात, पण मन बाजारात भावाची घासाघीस करत असते. पाभर धरणाऱ्याचे लक्ष बांधावरच्या गप्पांत गेले की तास वाकडा जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता आमचीच गोष्ट सांगतो. गेल्या हिवाळ्यात भातानंतर लावलेली भेंडी आमच्या काही सभासदांनी एका टेम्पोत एकत्र पाठवली. विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत आम्ही जागे होतो. बाजार उतरतो आहे असे कळले आणि आम्ही ड्रायव्हरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, 'हॅलो' म्हणाला आणि पुढे फक्त आवाज ऐकू आला. सरळगावच्या अलीकडे उभ्या असलेल्या ट्रॉलीला चुकवताना टेम्पो चारीत गेला होता. पोराचा पाय दोन ठिकाणी मोडला. भेंडी चिखलात गेली. कागदावर कारण लिहिले गेले : चालकाचा निष्काळजीपणा. आमचे तीन फोन कोणत्याच कागदावर नाहीत. ते आम्ही येथे लिहीत आहोत.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. सरकारचे उत्तर एकच, दंड. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हा गुन्हा म्हणून घातले. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद. कायदा असावा, याबद्दल वाद नाही. पण तो चालकाच्या हाताकडे पाहतो, फोन करणाऱ्याकडे पाहत नाही. घाई ज्याच्या फायद्याची तो मोकळा, आणि पावती फाटते ती महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याची. हा न्याय आम्हाला मान्य नाही.

'फोनच नको म्हटले तर धंदा कसा करायचा?' असे विचारणारे आपल्यातही आहेत. आम्ही फोन बंद करा म्हणत नाही. गाडी थांबवून बोला म्हणतो. टोकावड्याला चहाला थांबला तेव्हा बोलला तर दहा मिनिटे जातील. दहा मिनिटांनी किलोमागे रुपया पडेल, कदाचित दोन पडतील. तो तोटा आपण सोसू. पोराच्या पायाचा भाव कोणत्या लिलावात काढणार?

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही पुढील ठराव मांडत आहोत :

१) गाडी निघाल्यावर कोणीही सभासद ड्रायव्हरला फोन करणार नाही. सोबतचा माणूस असेल तर त्याला करावा. नसेल तर ड्रायव्हर थांबून स्वतः करील.

२) भाड्याने गाडी ठरवतानाच थांबे ठरवावेत आणि त्यांचा वेळ धरावा. फोन उचलला नाही म्हणून कोणाची खेप तोडू नये.

३) ट्रॉलीला मागे तांबडे परावर्तक लावल्याशिवाय ती रात्री रस्त्यावर काढू नये. हे आपल्या घरचे काम आहे, सरकारची वाट पाहू नये.

४) वाहत्या रस्त्यावर फोन उचलायला लावणाऱ्या मालकावर व व्यापाऱ्यावरही जबाबदारी यावी, आणि मालवाहतुकीच्या रस्त्यांवर उजेडाचे थांबे व्हावेत, ही मागणी शासनाकडे करावी.

एस.टी.त, जीपमध्ये, वडापमध्ये बसलेल्यांनाही सांगणे आहे. चालक फोनवर बोलू लागला तर 'बाबा, आधी गाडी बाजूला घे' असे मोठ्याने म्हणा. एकाने म्हटले की चार जण म्हणतात.

बैठकीला येताना आम्हाला उशीर झाला तर वाट पाहा. फोन करू नका. आम्हीही करणार नाही.