निरंक खाते

अनसिंगच्या एका अडत्याच्या घरी भाद्रपदात, क्षमावाणीला आठ-दहा दिवस असताना, एक किरकोळ प्रसंग घडला. वाशीमला महाविद्यालयात शिकणारी नात मोबाइलवर एक प्रश्नावली सोडवीत होती. शेक्सपिअरच्या नाटकांतील कोणते पात्र आपल्याशी जुळते, हे दहा-बारा उत्तरांवरून सांगणारा तो खेळ. नातीच्या वाट्याला पोर्शिया आली, सुनेच्या वाट्याला कॉर्डेलिया. मग बहात्तर वर्षांच्या आजोबांची पाळी आली. नात एकेक प्रश्न मराठीत सांगे आणि आजोबा गिऱ्हाइकाला भाव सांगावा तितक्या सरळपणे उत्तर देत. शेवटी पडद्यावर नाव उमटले: शायलॉक.

घरात हशा पिकला. आजोबाही हसले, पण जरा उशिराने. तीन हजार डुकाटांच्या कर्जापोटी ऋणकोच्या देहाचे शेरभर मांस मागणारा हा सावकार त्यांना शाळेपासून माहीत होता. त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण त्यांनी न बोलता उरकले.

असल्या प्रश्नावल्यांचे गणित साधे असते. प्रत्येक उत्तराचे काही गुण दोन-तीन पात्रांच्या नावे जमा होतात आणि ज्याची बेरीज मोठी त्याचे नाव झळकते. ‘मित्राने ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर काय कराल?’ या प्रश्नाला आजोबांनी ‘लेखी ठरले असेल तसे वसूल करीन’ हे उत्तर निवडले होते. व्यापारात जन्म गेलेला दुसरा कोणीही तेच निवडता. नाटकाच्या नावातला व्हेनिसचा व्यापारी शायलॉक नव्हेच, तो अँटोनिओ. पण उधारीचा शब्द निघाला की लोकांना आधी शायलॉकच आठवतो. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या रोख्यांवर आणि वह्यांवर होता. बाबूराव पेंटरांचा १९२५चा ‘सावकारी पाश’ हा मूकपट तर नावातच निकाल सांगतो. वाणी-सावकाराला मराठी पुस्तकात आणि पडद्यावर भली भूमिका क्वचितच लाभली.

या निकालांवर विश्वास कितपत ठेवावा, याचे उत्तरही जुनेच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वास्तविक सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो फोररांनी बव्हंशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. गोड शब्द कोणालाही आपल्यासाठीच लिहिलेले वाटतात. कडू शब्द मात्र माणूस तपासून पाहतो. खोटा असेल तर तो हसून सोडून देतो. सोडून देता आला नाही, तर कोठेतरी काटा रुतलेला असतो.

जैनांना असली परीक्षा नवी नाही. रानात वाट चुकलेल्या सहा वाटसरूंना फळांनी लगडलेले झाड दिसते. एक म्हणतो मुळासकट तोडू, दुसरा बुंधा, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा लहान डहाळ्या. पाचवा फक्त फळे तोडू म्हणतो, सहाव्याला खाली पडलेली पुरतात. कृष्णापासून शुक्लापर्यंतच्या सहा लेश्यांचा हा दृष्टान्त ‘गोम्मटसारा’त आहे आणि पाठशाळेतल्या प्रत्येक मुलाने त्याचे चित्र पाहिलेले असते. चित्र पाहताना प्रत्येक मूल स्वतःला सहावा वाटसरू समजते, हा भाग वेगळा.

या बाबतीत खरा धीट निघाला तो बनारसीदास. जौनपूरला १५८६ साली जन्मलेला हा श्रीमाळ जैन व्यापारी धंद्यात फारसा यशस्वी नव्हता. जवाहीर हरवले, माल बुडाला, नऊ मुले झाली आणि एकही जगले नाही. तरुणपणी रचलेले शृंगाराचे काव्य त्याने स्वतःच गोमतीत सोडून दिले. आग्र्यात हात रिकामे झाले तेव्हा तो कित्येक महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवला. एके दिवशी त्याने आपल्याजवळ पैसा नसल्याचे कबूल केले, तर कचोरीवाल्याने तगादा न लावता उधारी पुढे चालू ठेवली. पुढे दिवस पालटल्यावर बनारसीदासाने ती फेडली. शायलॉकचे नाव जगभर झाले. या कचोरीवाल्याचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, बनारसीदासाने ‘अर्धकथानक’ लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्याने ही अर्धी कथा म्हटली. पुढे तो फार वर्षे जगला नाही. नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून १९४३ साली हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरीस बनारसीदासाने स्वतःचे गुण आणि दोष अशा दोन्ही बाजू मांडल्या आहेत, जणू जमा आणि नावे. क्षमा, संतोष, गोड वाणी हे जमेला. नावे बाजूला लक्ष्मीचा लोभ, जपतपाचा कंटाळा, थोड्या लाभाने फार हर्ष आणि थोड्या हानीने फार चिंता. खोटे बोलताना लाज वाटत नाही, एकांत मिळाला की नाचायला लागतो, हेही. ही यादी कोणी त्याच्यावर लादली नव्हती. चाळीस-पन्नास वर्षे हिशेब लिहिलेल्या माणसालाच अशी बाकी काढता येते.

अनसिंगच्या आजोबांना त्या रात्री आठवला तो एक बालमित्र. दोघे गावच्या शाळेत एका बाकावर बसत. नऊ वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर मित्राने बियाणे आणि खत उधारीवर नेले. शेंगा भरायच्या वेळी पाऊस गेला आणि माल निम्म्यावर आला. दिवाळीपूर्वी पोती काट्यावर चढली तेव्हा आजोबांनी ठरल्याप्रमाणे सगळी रक्कम कापून घेतली. हिशेबात पैचीही चूक नव्हती. मित्राने रिकामी पोती घडी करून खांद्यावर टाकली आणि त्यानंतर तो दुकानाची पायरी चढला नाही. दर क्षमावाणीला आजोबांनी गावभर हात जोडले, फक्त त्या एका गल्लीत ते गेले नाहीत. जुनी वही काढून पाहिली, तर खाते निरंक होते. माफ करायला त्यात काही उरलेच नव्हते.

दोन दिवसांनी नातीला त्यांचा चेहरा पाहवेना. ‘आजोबा, पुन्हा खेळू, दोन उत्तरे बदलली की अँटोनिओ येईल,’ ती म्हणाली. उत्तरे बरोबर होती, एकही बदलू नको, असे त्यांनी सांगितले.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून परतताना ते त्या गल्लीत वळले. मित्र ओट्यावर तूर निवडीत होता. आजोबांनी हात जोडले आणि त्या वर्षीचे सोयाबीन कापून घ्यायला नको होते, एवढेच म्हणाले. मित्र काही वेळ सुपातच पाहत राहिला. मग बाजूला सरकून त्याने ओट्यावर जागा केली आणि विचारले, ‘सोयाबीन काय भाव हाय आज?’