एकच आवाज, दोन मांडव

गणेशोत्सवात लातूरच्या गंजगोलाईतून चाललो होतो. मांडवात प्रल्हाद शिंदे लागले होते. त्यांना जाऊन (२००४) वीस वर्षं उलटली, पण आवाज तसाच खडा, कर्ण्यातून थेट काळजात जाणारा.

त्यांचा जन्म १९३३ चा. मंगळवेढ्याकडचं भजनी घर. पुढे कव्वालीच्या मंचावर गळा तापला. घर आंबेडकरी विचारांचं, आणि तरी विठ्ठल-गणपतीची गाणी त्यांनी अशी गायली की वारकऱ्यांनाही ती आपलीच वाटली. त्याच गळ्यातून भीमगीतंही आली. आनंद, मिलिंद ही मुलं आणि आदर्शसारखे नातू यांनी दोन्ही वाटा चालू ठेवल्या.

आपण मात्र एकच वाट धरली.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होतो. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात दलित वस्त्या जळालेल्या. त्या जखमा ओल्याच होत्या. गावात गणपतीला प्रल्हाद शिंदे वाजायचे, चौदा एप्रिलला वस्तीतही तेच वाजायचे. गणपतीच्या मांडवात मी पहिल्या रांगेत असे. वस्तीतलं गाणं मात्र घरच्या ओट्यावर बसून ऐकायचो. मध्ये फक्त एक ओढा होता.

एकदा गॅदरिंगच्या तालमीत सातवीतला एक पोरगा त्यांचं भीमगीत म्हणायला उभा राहिला. मी म्हटलं, "हे नको रे, एखादं चांगलं भावगीत म्हण."

तो म्हणाला, "सर, गणपतीत लावतेत तो आवाज तर ह्योच हाय की!"

मला उत्तर देता आलं नाही. तो खाली बसला आणि त्या वर्षी गायलाच नाही.

आजही मराठी गाण्याचा इतिहास सांगताना आपण नाट्यगीत आणि भावगीत सांगतो. कव्वाली, भीमगीत आलंच तर शेवटच्या ओळीत, 'लोकगायक' असा शिक्का मारून. माझ्या मते ही नुसती विसरभोळेपणाची गोष्ट नाही. देवाचं गाणं ठेवून घ्यायचं आणि माणसाचं गाणं ओढ्यापलीकडे सोडायचं, ही आपली जुनी सवय आहे. अर्धा गायक ऐकून पूर्ण गायकाचं कौतुक करता येत नाही.

तो पोरगा आता पन्नाशीला आला असेल. भेटलाच तर म्हणेन, बाबा, ते राहिलेलं गाणं म्हण. म्हणेल की नाही, ते त्याच्यावर.

असो.