शनिवार तेली आणि सिडनीची पानगळ



आपल्याकडे पेसाह उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, इथे सिडनीत तो पानगळीत येतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घ्यायचं, की संध्याकाळ लवकर होते. मला हा ऋतू फार आवडतो.

कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. घाणे चालवणारे तेली पुष्कळ होते. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे आपण. म्हणजे गावाने आपल्याला ओळखलं ते कामावरून नाही, काम थांबवण्याच्या दिवसावरून.

मी मात्र नर्सिंगमध्ये असंख्य शनिवार ड्युटी केली. रुग्णाचा जीव शब्बाथच्या आधी, हे आपला धर्मच सांगतो. त्याबद्दल खंत नाही. पण खरं सांगते, त्यातल्या बऱ्याच ड्युट्या मी जादा पगारासाठी मागून घेतल्या. आई फोनवर म्हणायची, "शनिवारी तरी निवांत बोल गं." मी म्हणायची, "पुढच्या शनिवारी." असं म्हणता म्हणता ती गेली.

आता खिडकीतून लिक्विडअंबरची लाल पानं गळताना बघते. सप्टेंबरात त्याला पुन्हा पालवी फुटते. तोवर उघडं उभं राहिलं, म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

आपल्या ज्या मुली आज इस्पितळांत राबतात, त्यांना माझं एवढंच सांगणं: गरजेची ड्युटी जरूर करा, लोभाची सोडा. पूर्वजांकडे पैसा बेताचाच होता, तरी त्यांनी घाणा थांबवला. आपल्याला का जमू नये?