कलशावरचे वस्त्र

यंदा आमच्या घरी आकाशकंदील नाही. वडील गेले, अस्थी मुरगूडलाच वेदगंगेत सोडल्या. परवा आई म्हणाली, "अरे, त्यांच्यासाठी एखादं फूल ठेवावंसं वाटलं, तर कुठं ठेवू?" मला उत्तर सुचेना.

नोकरीच्या दिवसांत पुण्याला इंग्रजी अमदानीतल्या एका दफनभूमीत मी पुष्कळदा हिंडत असे. तिथले दगड बोलतात, पण त्यांची भाषा शिकावी लागते. अर्ध्यावर तुटलेला खांब म्हणजे अकाली खुडलेले आयुष्य. नांगर (जहाजाचा बरे का, शेतातला नव्हे!) म्हणजे आशा. आणि जागोजागी वस्त्र पांघरलेला दगडी कलश. पुरणाऱ्यांना अस्थिकलश कशाला? तर तो त्यांनी घेतला दहन करणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमनांकडून!

१८६१ साली पती आल्बर्ट वारल्यावर व्हिक्टोरिया राणीने मरेपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, काळा वेष उतरवला नाही. मग प्रजेतही दुःखाचे सोवळे वाढले. विधवेला वर्षभर निस्तेज काळे क्रेप, पत्रांनाही काळी किनार. आपल्याकडच्या केशवपनाची सर त्याला नाही, हे खरे. पण आलवणाला नावे ठेवणाऱ्या साहेबाने घरच्या क्रेपकडे पाहिले होते की नाही, कोण जाणे!

त्याच काळात आमचे कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस. ख्रिस्ती शहरात चिता कुठली? खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झाले. १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही त्यांचाच. आतला रंगवलेला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. तुटका खांब नाही, पांघरलेला कलश नाही; डोक्याला पागोटे ल्यालेला तरणाबांड राजा तेवढा आहे.

त्या छत्रीचे चित्र मी आईला दाखवले. वाटले, तिला बरे वाटेल. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"छान आहे रे. पण घरच्यांना इतक्या लांब फूल घेऊन कोण नेणार?"

संध्याकाळी परसातली शेवंती खुडून ती घाटाकडे निघाली. मी चपला शोधू लागलो.