उत्सवाचा यजमान कोण? धार-देवासकडून घ्यायचा धडा

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सवा’चा दर्जा जाहीर केला, तेव्हा त्याचे स्वागतच अधिक झाले. परवान्यांचा जाच कमी होईल, मंडळांना चार पैसे मिळतील, उत्सवाची कीर्ती दूरवर जाईल, अशी अपेक्षा त्यामागे होती आणि ती गैर म्हणता येणार नाही. गोव्याला ही वाट नवी नाही. शिगमोत्सव आणि कार्निव्हलच्या मिरवणुका गेली कित्येक वर्षे सरकारी अनुदानाच्या व पर्यटन खात्याच्या वेळापत्रकाच्या आधाराने निघत आहेत. मात्र या निमित्ताने एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. उत्सवाचा खर्च सरकार उचलू लागले, की उत्सवासाठी राबणारे हात वाढतात की घटतात?

या प्रश्नाचा विचार करताना मुंबई-पुण्याकडे पाहण्यापेक्षा माळव्याकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. इंदूरच्या पश्चिमेला धार आणि ईशान्येला देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली व आजही घरात मराठी बोलतात. २०११च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या बारा लाखांहून अधिक आहे. पण राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम १.७ टक्के आहे. त्याच जनगणनेत गोव्यातील हे प्रमाण १०.८९ टक्के होते. दोन्हीकडे मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर आहे आणि दोन्हीकडे त्याच्या एकत्र येण्याचे मुख्य निमित्त उत्सव हेच आहे. माळव्यात गेल्या शंभर वर्षांत उत्सवाचे यजमान दोनदा बदलले. संस्थानिक गेले, गिरणीमालक गेले आणि शेवटी जबाबदारी नागरिकांवर येऊन पडली.

संस्थानिकाचा उत्सव

देवासच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार हे कृष्णभक्त होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खाजगी सचिव होते. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीचे वर्णन फॉर्स्टरने पत्रांतून केले असून ती पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहेत. जुन्या राजवाड्यात दिवसेंदिवस चाललेले भजन, एकाच वेळी वाजणारी निरनिराळी वाद्यपथके, देवापुढे नाचणारे महाराज आणि अखेरीस तळ्यात विसर्जित होणारे मातीचे गोकुळ, हे सारे त्यात आहे. १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीचा अखेरचा भाग याच अनुभवावर बेतलेला आहे.

त्या उत्सवात भक्ती खरी होती, याविषयी फॉर्स्टरलाही शंका नव्हती. परंतु त्याचा सारा डोलारा एका माणसाच्या श्रद्धेवर आणि एका तिजोरीवर उभा होता. संस्थान कर्जात बुडाले, ब्रिटिशांचा ससेमिरा लागला आणि १९३३ मध्ये तुकोजीराव फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीला निघून गेले. १९३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये धार व देवास ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. ज्या खजिन्यावर हा थाट उभा होता, तो खजिनाच उरला नाही. प्रजा त्या उत्सवात प्रेक्षक होती, फार तर सेवेकरी होती. यजमानपण तिच्याकडे कधी आलेच नव्हते.

मालक गेला, झांकी राहिली

याच्या नेमके उलट उदाहरण शेजारच्या इंदूरमध्ये आहे. तेथील कापड गिरण्यांच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, काढण्याची प्रथा सुरू केली. तिचे वय आता शंभर वर्षांच्या घरात आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. इतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. हुकुमचंदच्या कामगारांना त्यांची थकीत देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ ज्यांचा स्वतःचा पगार अडकला होता, त्या कामगारांच्या गणेशोत्सव समित्यांनी झांकी मात्र थांबू दिली नाही.

हे का शक्य झाले? इंदूर महापालिका व विकास प्राधिकरण या समित्यांना मदत करतात, हे खरे आहे. पण ती मदत एका उभ्या असलेल्या यंत्रणेला मिळते. हलत्या मूर्तींची जोडणी, विजेची कामे, रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीचा क्रम, वर्गणीचा हिशेब, ही कौशल्ये कामगारांच्या हातात होती. गिरणी बंद झाल्याने ती नाहीशी झाली नाहीत. देवासच्या राजवाड्यातील उत्सवाकडे पैसा होता, तोवर सर्व काही होते. इंदूरच्या झांक्यांकडे पैसा नसतानाही माणसे होती.

समाज आणि क्लब

आज धार व देवाससारख्या मध्यम शहरांत उत्सवाचा भार प्रामुख्याने दोन प्रकारच्या संस्थांवर आहे. एक म्हणजे मराठी मंडळींचे जुने समाज व मंडळे. दुसऱ्या म्हणजे रोटरी, लायन्स यांसारखे सेवा क्लब. पहिल्यांकडे गणपतीची आरास, अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांच्या स्पर्धा, नाटक ही परंपरागत कामे आहेत. दुसऱ्यांचे काम मोठ्या गर्दीच्या वेळी दिसते. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा या दोन देवींची स्थाने आहेत. दोन्ही नवरात्रांत तेथे दूरदूरच्या खेड्यांतून भाविक पायी येतात. अशा गर्दीसाठी पाण्याची सोय, प्रथमोपचार, चपलांची राखण, चुकलेल्या मुलांची चौकशी, फराळाचे वाटप, ही कामे कोणत्याही एका खात्याच्या कक्षेत पूर्णपणे बसत नाहीत. ती पाळीपाळीने उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांनीच करायची असतात.

सेवा क्लब ही कल्पना अमेरिकेतील. रोटरीचा जन्म १९०५ मध्ये शिकागोत झाला, लायन्सचा १९१७ मध्ये. भारतात पहिला रोटरी क्लब कोलकात्यात निघाला आणि लायन्सचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत. पोलिओ निर्मूलनाच्या कामात रोटरीच्या कार्यकर्त्यांनी देशभर दिलेली साथ सर्वपरिचित आहे. भारताला २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात लसीकरण केंद्रांवर बसलेल्या अनाम स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. या क्लबांकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच आहे. तेथे पदाधिकारी दरवर्षी बदलतात. १ जुलैला नवा अध्यक्ष, नवा सचिव, नवा खजिनदार येतो. मावळत्याने वही, पावत्या व शिल्लक रक्कम त्याच्या हाती सोपवायची असते. चतुर्थी आणि नवरात्र जेमतेम दोन-तीन महिन्यांवर असतात. त्यामुळे दरवर्षी कोणीतरी नवा माणूस गर्दीचे, पैशाचे आणि माणसांचे नियोजन शिकतो.

आपल्या जुन्या मंडळांत याच्या उलट घडते. एकदा सचिव झालेले काका वीस वर्षे सचिव राहतात. त्यांच्या निष्ठेविषयी कोणालाच शंका नसते. परंतु मंडप कोणाकडून घ्यायचा, वीजजोडणीचा अर्ज कोठे द्यायचा, कोणता देणगीदार कधी भेटतो, हे सारे त्यांच्या डोक्यात राहते. त्यांचे गुडघे दुखू लागले, की मंडळही लंगडू लागते. तरुण मुले शिक्षण-नोकरीसाठी मोठ्या शहरांत गेलेली असतात आणि जी गावात आहेत, त्यांना खुर्च्या उचलण्यापलीकडे काम दिलेले नसते.

क्लबांतही दोष आहेत. बॅनर आणि छायाचित्र यांचा सोस तेथे अधिक. एक वर्षाच्या अध्यक्षाला आपले नाव राहावे असे वाटते आणि आदल्या वर्षीचे चांगले काम अर्धवट सुटते. दीर्घ काळ स्त्रियांना प्रवेशच नव्हता. रोटरीने तो १९८९ मध्ये दिला. आपल्या मंडळांत स्त्रियांना मज्जाव कधी नव्हता, पण प्रसादाचे पातेले त्यांच्याकडे आणि हिशेबाची वही पुरुषांकडे ही वाटणी अनेक ठिकाणी अजून कायम आहे. समाजाची स्मृती आणि क्लबाची शिस्त एकत्र आली, तर दोघांचेही दोष कमी होतील.

धारच्या बाबतीत या विचाराला आणखी एक बाजू आहे. तेथील भोजशाळेच्या वास्तूवर हिंदू व मुस्लिम दोघांचाही दावा आहे. २००३च्या व्यवस्थेनुसार मंगळवार व शुक्रवार असे दिवस वाटून देण्यात आले. पण २००६, २०१३ आणि २०१६ मध्ये वसंत पंचमी शुक्रवारी आली, तेव्हा शहरात तणाव निर्माण झाला. मूळ दाव्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. मात्र वेळ वाटून देता येते आणि बंदोबस्त वाढवता येतो, तसा परस्परविश्वास आदेशाने निर्माण करता येत नाही. वर्षभर रक्तदान शिबिरात, पुराच्या मदतीत एकमेकांच्या शेजारी उभी राहिलेली माणसे अशा दिवशी अफवा थोपवू शकतात. स्वयंसेवेचे हे मोल कोणत्याही अनुदानाच्या अर्जात दिसत नाही.

गोव्यासाठी अर्थ

गोव्याने याकडे आपला प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाची उभारणी पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या संकटात सुरू झालेल्या या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते आणि निरनिराळ्या समाजांचे पार आपापली जबाबदारी घेऊन येतात. ज्याची पाळी त्याने उभे राहायचे, हा नियम तेथे प्रत्येकाला ठाऊक आहे. उलट, अनेक सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अर्थकारण आज देणगी कुपनांवर आणि त्यावरील मोटारगाडीच्या बक्षिसावर चालते. कुपन घेणारा माणूस मंडळाचा सदस्य होत नाही. तो सोडतीची तारीख तेवढी विचारतो. शिगमोत्सवाच्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम वाढली, पण रोमटात घाम गाळणारा आणि नियोजन करणारा हा एकच माणूस असावा, ही जुनी रीत मागे पडत चालली आहे.

सरकारने उत्सवांना मदत करू नये, असे म्हणणे नाही. रस्ता, पाणी, वीज, सुरक्षा, स्वच्छता ही सरकारचीच कामे आहेत. प्रश्न मदतीच्या स्वरूपाचा आहे. मंडळाने स्वतः जमवलेल्या वर्गणीच्या प्रमाणात अनुदान दिले, तर घरोघर जाण्याची सवय टिकेल. जमाखर्च गणेशमूर्तीच्या विसर्जनानंतर महिन्याभरात फलकावर लावण्याची अट घातली, तर विश्वास वाढेल. बक्षिसांच्या रकमेतील काही भाग प्रथमोपचार, अग्निसुरक्षा व गर्दी-नियोजनाच्या प्रशिक्षणाकडे वळवला, तर मांडवाखाली जाणकार माणसे तयार होतील. यांपैकी कशासाठीही नवे महामंडळ नको.

मराठीच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्यापासून मराठीच्या स्थानाची चर्चा थांबलेली नाही. ही मागणी आपल्या जागी योग्य आहे. पण देवासमधील नोकरदाराच्या मुलीला शाळेत हिंदी आणि इंग्रजी पुरते. मराठी तिला लागते ती गणपतीत निवेदन करताना, नाटकातील संवाद पाठ करताना, आजीच्या वयाच्या कार्यकर्तीकडून काम समजून घेताना. तेथे भाषा कामाची असते, म्हणून ती टिकते. मंडळात मुलांना काम मिळाले नाही, तर भाषेचे हे शेवटचे कामही संपेल आणि कोणताही दर्जा त्याची भरपाई करू शकणार नाही.

यंदाच्या चतुर्थीपूर्वी मंडळांच्या सभा होतील. त्या सभांत मूर्तीची उंची आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव यांवर बराच वेळ जातो. त्याआधी दोन प्रश्न घ्यावेत: गेल्या वर्षीचा हिशेब कोण वाचणार आहे, आणि यंदा खजिनदाराच्या शेजारी बसून काम शिकणारा पंचविशीच्या आतील मुलगा किंवा मुलगी कोण? ज्या मंडळाला या दोन्हींची उत्तरे देता येतील, त्याला अनुदान मिळाले तर ते कारणी लागेल आणि नाही मिळाले तरी त्याचा गणपती बसेल.